खोटी पट्टी

उद्यमनगरातल्या माझ्या खोक्यात दोन पट्ट्या आहेत.
एक खरी, शाळेतल्या पोराच्या दप्तरात असते तसली.
दुसरीचा इंच इंचापेक्षा केसभर मोठा.
दस्तगीर मिस्त्री तिला खोटी पट्टी म्हणायचे
आणि सगळं काम तिच्यावरच करून घ्यायचे.

"बीड निवताना आकसतं, लेका.
शंभराला एक जातंच.
बरोबर मापाचा साचा केलास
तर पंप बसायचा नाही कुठं.
जास्त धरायचं. पण किती जास्त,
ते धातूला विचारून."

चौतीस वर्षं मी लाकडाला असं
थोडं खोटं बोलायला लावतोय.
सागवानाच्या भुशानं भुवया पिवळ्या होतात,
तिकडं शिरोलीत लाल पाणी वाळूत उतरतं,
थंड होतं, आणि खरं होतं.

आता कामं कमी झालीत. पोरं
संगणकावर साचा गोल फिरवून दाखवतात,
मशीन रात्रीत कोरून ठेवतं.
चांगलं कोरतं, खोटं कशाला बोलू.

पण मला ते सांगायचं नव्हतं.

सांगायचं होतं सीपीआरमधल्या बाकड्याचं,
शालनच्या गळ्याखालच्या गाठीचं, तिच्या कागदाचं,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्याचं :
"बघू या. सहा महिन्यांनी परत फोटो काढू.
निम्मं-निम्मं धरून चाला."
निम्मं म्हणजे किती, मी विचारलं नाही.
माझ्या दोन्ही पट्ट्यांवर तो आकडा नव्हता.

दसरा चौकात उन्हानं डांबर मऊ झालेलं.
मेहुणा फोनवर म्हणाला, काय होत नाही भावा,
आपण कोल्हापूरचं पाणी प्यालोय.
शेजारच्या हौसाक्कांनी दारातच डोळ्याला पदर लावला.
एकाचा साचा हातभर मोठा,
दुसरीनं ओतायच्या आधीच भट्टी विझवलेली.
मला राग दोघांचाही आला नाही.
फक्त, दोघांनीही शालनला विचारलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात चटणीची बरणी तिरकी धरून
तळाची पूड चमच्यानं खरवडत होती.
एप्रिल निम्मा सरलेला.
"लक्ष्मीपुरीत जाणार असला तर मिरची आणा."
"किती आणू?"

दरसाल पाच किलो. निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी.
झोपेतनं उठवलं तरी सांगेन.
तरी विचारलं,
आणि विचारल्यावर कळलं, काय विचारलंय.
वर्षाची चटणी असते ती. पुढच्या एप्रिलपर्यंतची.

तिनं चमचा खाली ठेवला.
गल्लीत कुणी तरी बुलेटला किक मारत होतं,
सुरू होत नव्हती.

साच्याला मी उतार देतो, ते तिला ठाऊक आहे.
कड सरळ उभी ठेवली
तर साचा उचलताना वाळूची भिंत ढासळते.
निघणाऱ्यानं मागचं मोडू नये
एवढाच कल. दीड अंश. डोळ्याला दिसतही नाही.
लग्नाच्या वर्षी कारखाना बघायला आली तेव्हा
हसून म्हणाली होती,
"म्हणजे जायची सोय आधीच करून ठेवता होय?"

"पाच," ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं,
"वर पाव किलो. देठं काढली, ऊन दिलं,
की तेवढी घट येते."
आणि मी चपला घालेपर्यंत आतूनच :
"डंकावर नयनला घेऊन जावा या वेळी.
कांदा किती, खोबरं किती, भाजायचं कुठवर,
एकदा बघू दे तिला."

डंकावर नयन नाकाला ओढणी बांधून
शिंकत शिंकत वहीत लिहीत होती.
लसूण. धणे. तीळ. खडं मीठ.
सगळ्यांत वर : मिरची, पाच किलो.

मी म्हटलं, सव्वापाच लिही.
"का?"
डंकाच्या आवाजात तिला ऐकू गेलं का नाही, कोण जाणे.
घट येते, मी म्हटलं.
सव्वापाच लिही.